यूएसबी सिरियल उपकरण संगणकाला दिसत नाही, तेव्हा कुठून सुरुवात करावी

बोर्ड नवा आहे, केबल लावली आहे, बोर्डावरचा दिवाही लागला आहे. पण ज्या वाटेने संगणक बोर्डाशी बोलतो त्या पोर्टची प्रोग्रॅममधली यादी रिकामी. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डावरचा एका चिपमधला छोटा संगणक, शिकायला घेतलेल्या अनेकांना पहिली ठेच इथेच लागते. ती लागली की बहुतेक जण लगेच ड्रायव्हर (उपकरणाशी कसं बोलायचं ते संगणकाला सांगणारं सॉफ्टवेअर) शोधायला धावतात. मला तुम्हाला नेमकं तिथेच थांबवायचं आहे. ड्रायव्हर हा साखळीतला तिसरा दुवा आहे. पहिले दोन न तपासता तिसऱ्याशी झटापट केली, तर मूळ बिघाड जागच्या जागी राहतो आणि संगणकात नको ते सॉफ्टवेअर मात्र भरून बसतं.

आर्डुइनोसारखे बोर्ड, ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको, यूएसबी-टीटीएल अडॅप्टर (यूएसबीला मायक्रोकंट्रोलरच्या सिरियल पिनांशी जोडणारी छोटी पट्टी) आणि नऊ पिनांचा जुना सिरियल पोर्ट देणाऱ्या केबल्स, या सगळ्यांना पुढचं लागू पडतं. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्ही येतील. आपल्या कामाचं तेवढं घ्या. टर्मिनलच्या आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत लिहायच्या; मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

'दिसत नाही' या एका तक्रारीत पाच तक्रारी

उपकरण जोडल्यापासून त्याच्याशी बोलणं सुरू होईपर्यंत पाच गोष्टी एकामागून एक घडतात. उपकरणाला वीज मिळते. मग कोणीतरी आलं आहे हे संगणकाला कळतं आणि तो त्याची ओळख विचारतो. ओळख मिळाली की तिला जुळणारा ड्रायव्हर शोधला जातो. ड्रायव्हर बसला की पोर्टला नाव मिळतं: विंडोजवर कॉम३, कॉम७ असं, लिनक्सवर टीटीवाययूएसबी० किंवा टीटीवायएसीएम० असं. आणि शेवटी तुमचा प्रोग्रॅम तो पोर्ट उघडतो. साखळी यापैकी कुठेही तुटली तरी तोंडातून वाक्य एकच निघतं, 'दिसत नाही'.

यातला दुसरा दुवा नीट समजून घेतला तर निम्मे घोटाळे सुटतात. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि दोन डेटाच्या, डी-प्लस आणि डी-मायनस. संगणकाच्या बाजूला दोन्ही डेटा तारा १५ किलोओहमच्या रोधकांनी खाली ओढून ठेवलेल्या असतात. उपकरण जागं झालं की १.५ किलोओहमच्या रोधकाने त्यातली एक तार वर ओढतं. आपल्या सिरियल चिप्सच्या बाबतीत ती डी-प्लस असते. ही तार वर गेली की संगणकाला चाहूल लागते. मग तो पोर्ट रीसेट करतो आणि उपकरणाला विचारतो, 'तू कोण?' उत्तरात दोन क्रमांक येतात, एक निर्मात्याचा आणि एक वस्तूचा. ड्रायव्हर सहसा या दोन क्रमांकांवरून निवडला जातो.

आता बोर्डावरच्या दिव्याकडे पुन्हा पाहा. त्याला लागायला ५ व्होल्ट आणि ग्राउंड पुरतात. डेटाच्या तारा तुटलेल्या असल्या तरी तो तितक्याच झोकात पेटतो. म्हणजे दिवा लागणं हा फक्त पहिल्या दुव्याचा पुरावा, पुढच्या चारांबद्दल तो काहीच सांगत नाही.

पहिली पायरी: लावण्याआधी पाहा, लावल्यावर पाहा

उपकरण काढून ठेवा. संगणक यूएसबीची जी यादी दाखवतो ती उघडा. मग उपकरण लावा आणि काय बदललं ते पाहा. पोर्टच्या यादीत आधीच कॉम१ दिसतो म्हणून तोच आपला बोर्ड असं समजून तासन् तास त्यावर प्रोग्रॅम पाठवत बसलेले लोक मी पाहिले आहेत; तो कॉम१ मदरबोर्डचा स्वतःचा असतो. म्हणून जे लावल्यावर येतं आणि काढल्यावर जातं, तेच आपलं, एवढा एकच नियम धरा.

विंडोजवर विंडोज कळ आणि एक्स एकत्र दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. सिरियल पोर्ट 'पोर्ट्स' या गटात येतो. पण तो गट पोर्ट असेल तेव्हाच दिसतो, म्हणून गटच नाही हे पाहून गोंधळू नका. 'अदर डिव्हायसेस' आणि 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' हेही गट उघडे ठेवा. उपकरण लावताना यादी क्षणभर चमकून पुन्हा भरते, तीही खूण महत्त्वाची.

लिनक्सवर टर्मिनल उघडून 'सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू' ही आज्ञा द्या आणि ती चालू असताना उपकरण लावा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय म्हणतोय ते ओळीओळीने समोर येतं. माझ्या मते या कामासाठी तिन्ही प्रणालींमध्ये याहून चांगलं साधन नाही. उपकरणांची नुसती यादी हवी असेल तर 'एलएसयूएसबी'. मॅकवर 'सिस्टम इन्फर्मेशन' मध्ये 'यूएसबी' हा भाग पाहा; ती यादी आपोआप बदलेलच असं नाही, कमांड आणि आर दाबून ताजी करून घ्या.

जे दिसेल त्यावरून पुढची वाट ठरते. कुठेच काही हललं नाही, तर केबल, वीज किंवा बोर्ड यांच्यात शोधा, ड्रायव्हरला हात लावू नका. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' असं काही आलं, तर चाहूल लागली पण ओळख सांगता आली नाही. विंडोजवर यासोबत बहुतेक वेळा कोड ४३ आणि 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असे शब्द असतात. लिनक्सवर 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि शेवटी उणे ७१ किंवा उणे ११० ही त्रुटी. उणे ७१ म्हणजे संभाषणात गडबड, उणे ११० म्हणजे वाट पाहून उत्तर आलं नाही. या दोन्हींवर ड्रायव्हर हा उपाय नाही, कारण ड्रायव्हर निवडायला लागणारी ओळखच अजून मिळालेली नाही. उपकरणाचं नाव नीट दिसतं पण पोर्ट तयार होत नाही, ही खरी ड्रायव्हरची तक्रार. आणि पोर्ट आहे पण उघडत नाही, ही परवानगीची किंवा ताब्याची.

केबल

केबलला वेगळा मथळा देण्याचं कारण अनुभवाचं आहे. मी एकदा सलग दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढण्याघालण्यात घालवल्या. तिसऱ्या दिवशी केबल बदलली आणि पोर्ट तत्क्षणी आला. पहिली केबल हेडफोनच्या खोक्यातून आलेली होती. हेडफोन, छोटे दिवे, पंखे अशा वस्तूंसोबत कित्येकदा फक्त चार्जिंगपुरती केबल येते. तिच्यात डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून ती अगदी चांगल्या केबलसारखी दिसते, जाडही असू शकते.

चाचणी सोपी आहे. त्याच केबलने मोबाइल संगणकाला जोडा आणि फाइल पाठवून पाहा. फाइल गेली तर केबलमध्ये डेटाच्या तारा आहेत. मोबाइल नुसता चार्ज होत राहिला, फाइल पाठवण्याचा पर्यायच आला नाही, तर केबलवर दाट संशय. अशा केबलला लगेच चिकटपट्टी लावून त्यावर 'फक्त चार्जिंग' असं लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी तीच पुन्हा हाताशी येते.

डेटाची केबलही खराब निघते. वारंवार वाकून प्लगच्या मानेपाशी तार तुटते, आणि मग केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच उपकरण येतं. मायक्रो-यूएसबीचं बोर्डावरचं सॉकेट तर फारच नाजूक. जोरात ओढलं की टाक्याचा सांधा सुटतो. प्लग हलक्या हाताने वरखाली करताना डीएमईएसजीमध्ये 'डिस्कनेक्ट' च्या ओळी येत असतील तर दोष तिथे आहे. लांबीही पाहा. यूएसबी २.० च्या केबलसाठी ५ मीटर ही मर्यादा धरली जाते, आणि स्वस्त, बारीक तारांच्या केबलमध्ये त्याच्या कितीतरी आधीच गडबड सुरू होते. तपासणी करताना मीटरभर किंवा त्याहून छोटी केबल घ्या.

टाइप-सी सॉकेट असलेल्या बोर्डांचा एक वेगळाच चकवा आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून संगणक तेव्हाच वीज सोडतो, जेव्हा पलीकडच्या उपकरणात 'सीसी' या पिनांवर ५.१ किलोओहमचे रोधक असतात. काही स्वस्त बोर्डांवर हे रोधक बसवलेलेच नसतात. असा बोर्ड सी-ते-सी केबलवर पूर्ण मेल्यासारखा वाटतो, दिवासुद्धा लागत नाही. आणि जुन्या आयताकृती यूएसबी-ए प्लगच्या केबलवर ठणठणीत चालतो. नवा बोर्ड खराब म्हणून परत पाठवण्याआधी ए-ते-सी केबलने एकदा नक्की पाहा. टाइप-सी प्लग उलटा करून लावून पाहण्यातही तथ्य आहे, कारण एका बाजूचेच संपर्क खराब असू शकतात.

हब, जोडलेली वायरिंग आणि विजेची कमतरता

बोर्ड हबमधून (एका सॉकेटची अनेक करणाऱ्या डबीतून) काढून थेट संगणकाला लावा. कीबोर्डवरचं, मॉनिटरवरचं सॉकेटही हबच असतं. एका सॉकेटवर नाही आला तर दुसऱ्यावर लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूऐवजी मागच्या, मदरबोर्डवरच्या सॉकेटवर.

मग बोर्डाला जोडलेलं सगळं काढा. मोटर, रिले, एलईडीची पट्टी, सेन्सर, ब्रेडबोर्ड, काही ठेवू नका. यूएसबी २.० च्या सॉकेटमधून ठरल्याप्रमाणे जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० मधून ९००. एक छोटी मोटर सुरू होताना यापेक्षा सहज जास्त ओढते. व्होल्टेज खाली बसतं, चिप रीसेट होते आणि पोर्ट यादीतून नाहीसा होतो. 'लावल्यावर येतो आणि दोन सेकंदांत जातो' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. ५ व्होल्ट आणि ग्राउंड कुठेतरी एकमेकांना टेकले असतील तर संगणक त्या सॉकेटची वीजच तोडतो. विंडोज 'पॉवर सर्ज' असा इशारा देतं, लिनक्सच्या ओळींमध्ये 'ओव्हर-करंट' हा शब्द येतो. असा इशारा दिसला तर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. आधी शॉर्ट शोधा, नाहीतर संगणकाचं सॉकेट जाऊ शकतं.

मल्टिमीटर असेल तर बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांवर मोजा. काही बोर्डांवर वाटेत डायोड असतो, त्यामुळे ४.७ च्या आसपास आकडा आला तरी ठीक. त्याच्या बराच खाली असेल तर केबल, हब किंवा बोर्डावरचा शॉर्ट यांपैकी काहीतरी आहे.

तुमच्या बोर्डावर पोर्ट कोण तयार करतं?

हा प्रश्न नवखे विचारत नाहीत, आणि विचारायला हवाच. बोर्ड दोन जातींचे असतात.

पहिल्या जातीत यूएसबी सांभाळायला वेगळी चिप असते. आर्डुइनो नॅनो, ईएसपी३२ चे बरेचसे जुने बोर्ड, यूएसबी-टीटीएल अडॅप्टर हे या जातीचे. सीएच३४०, सीपी२१०२, एफटी२३२, पीएल२३०३ ही त्या चिप्सची नेहमीची नावं. इथे पोर्ट ही चिप तयार करते. मुख्य मायक्रोकंट्रोलर कोरा असो, त्यातला प्रोग्रॅम अडकलेला असो, तो जळालेला असला तरीसुद्धा पोर्ट यादीत दिसायला हवा. दिसत नसेल तर तुमच्या प्रोग्रॅमचा त्यात काही दोष नाही.

दुसऱ्या जातीत मायक्रोकंट्रोलर स्वतःच यूएसबी बोलतो. आर्डुइनो लिओनार्डो, प्रो मायक्रो, रास्पबेरी पाय पिको, ईएसपी३२-एस२ हे या जातीचे. ईएसपी३२-एस३ आणि सी३ चे अनेक बोर्डही. इथे गणित पार बदलतं. पोर्ट जिवंत राहणं कमीजास्त प्रमाणात आत चाललेल्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतं. प्रोग्रॅम कोसळला, गाढ झोपेत गेला, किंवा त्याने यूएसबीच्याच पिना दुसऱ्या कामाला लावल्या, की पोर्ट गायब. काल चालणारा बोर्ड आज नवा प्रोग्रॅम घातल्यापासून दिसत नाही, असं असेल तर बोर्ड शाबूत असण्याचीच शक्यता जास्त.

त्याला बाहेर काढायची युक्ती म्हणजे प्रोग्रॅम सुरू होऊ न देता बूटलोडरमध्ये, म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणाऱ्या छोट्या मूळ प्रोग्रॅममध्ये, नेणं. पिकोवर 'बूटसेल' हे बटण दाबून धरून केबल लावा. आरपीआय-आरपी२ नावाची डिस्क समोर येते आणि तीत नवी फाइल टाकता येते. अगदी कोरा पिकोही लावल्यावर डिस्क म्हणूनच येतो, सिरियल पोर्ट म्हणून नाही. आत प्रोग्रॅमच नाही तर पोर्ट देणार कोण? ईएसपी३२ वर 'बूट' बटण दाबून धरा, 'रीसेट' दाबून सोडा, मग 'बूट' सोडा. लिओनार्डोवर रीसेट एकदा, प्रो मायक्रोसारख्या बोर्डांवर पटापट दोनदा दाबावं लागतं. मग बूटलोडर सुमारे ८ सेकंदच थांबतो, आणि विंडोजवर त्याचा कॉम क्रमांक नेहमीच्या पोर्टपेक्षा वेगळा असतो. त्या आठ सेकंदांत अपलोड सुरू व्हायला हवं, म्हणून आधी अपलोडचं बटण दाबून कंपायलेशन संपत आलं की रीसेट करा.

ओळखक्रमांक वाचायला शिका

उपकरण यादीत आलं पण पोर्ट नाही, अशा वेळी त्याचे दोन क्रमांक पाहा. विंडोजवर त्या नोंदीवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. व्हीआयडी (निर्माता) आणि पीआयडी (वस्तू) या अक्षरांपुढे चार-चार चिन्हं दिसतील. लिनक्सवर एलएसयूएसबीच्या प्रत्येक ओळीत ते दिलेलेच असतात.

१ए८६ आणि ७५२३ ही जोडी म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सीपी२१०२ च्या कुटुंबातली चिप. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटी२३२. ०६७बी आणि २३०३ म्हणजे पीएल२३०३. निर्माता २३४१ असेल तर आर्डुइनो, ३०३ए असेल तर एस्प्रेसिफ, २ई८ए असेल तर रास्पबेरी पाय. विक्रेत्याच्या पानावर काय लिहिलं आहे यापेक्षा या क्रमांकांवर भरवसा ठेवा. चिपवरची बारीक अक्षरंही मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचता येतात, आणि उपकरण यादीत येतच नसेल तेव्हा तोच एक मार्ग उरतो.

आता ड्रायव्हर

विंडोजवर कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. हा सगळ्यात सरळ प्रकार. चिपचं नाव कळलं आहे, तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या, किंवा विंडोज अपडेटला शोधू द्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' असं आश्वासन देणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा, त्याची गरज कधीच पडत नाही. दुसऱ्या जातीचे बोर्ड सहसा यूएसबीच्या 'सीडीसी' या प्रमाणित पद्धतीने बोलतात. विंडोज १० पासून त्यांच्यासाठी ड्रायव्हर आतच असतो.

कोड १० म्हणजे ड्रायव्हर बसला, पण उपकरण सुरू झालं नाही. पीएल२३०३ च्या केबल्सवर हा फार भेटतो. या चिपच्या पुष्कळ नकला निघाल्या, आणि कंपनीने जुन्या आवृत्त्यांचा पाठिंबाही थांबवला. नव्या ड्रायव्हरखाली जुनी किंवा नकली चिप आली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते. कधी नावाच्या जागी ही चिप २०१२ पासून बंद झाली असून विक्रेत्याशी संपर्क साधा, असा मजकूरच दिसतो. ड्रायव्हरची जुनी आवृत्ती बसवून काही जण काम चालवतात. पण विंडोज अपडेट ती पुन्हा बदलू शकतं. रोजच्या कामासाठी मी तरी दुसऱ्या चिपची केबल घेईन.

नकली चिपचा याहून गाजलेला प्रसंग २०१४ चा. एफटीडीआय कंपनीचा तेव्हाचा विंडोज ड्रायव्हर नकली एफटी२३२ चिप सापडली की तिच्या आतला वस्तूक्रमांक बदलून शून्य करत असे. त्यानंतर ती चिप नेहमीच्या ड्रायव्हरला ओळखू येईना. बरीच टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. एखाद्या जुन्या अडॅप्टरचा क्रमांक ०४०३ आणि ०००० असा दिसला तर त्याची कथा ही असू शकते.

लिनक्सवर या सगळ्या चिप्सचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही. पण तिथे एक विचित्र अडथळा आहे. डीएमईएसजीमध्ये 'नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०' अशी ओळ येते आणि लगेच खाली 'डिस्कनेक्टेड'. मधल्या ओळीत 'बीआरएलटीटीवाय' हा शब्द आहे का पाहा. ही ब्रेल पट्टी (पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना बोटांनी वाचू देणारं यंत्र) चालवणारी सेवा आहे. काही ब्रेल पट्ट्यांमध्येही सीएच३४० चाच ओळखक्रमांक वापरला जातो, म्हणून ती तुमच्या बोर्डाला ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेते. उबुंटू २२.०४ वर असंख्य लोकांना हा त्रास झाला. तो संगणक ब्रेल पट्टी वापरणारं कोणीच वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. मात्र संगणक सामाईक असेल तर आधी विचारा. कोणासाठी तरी तीच सेवा म्हणजे पडदा वाचायचं साधन असते.

अलीकडच्या मॅकओएसमध्ये नेहमीच्या चिप्सचे ड्रायव्हर आधीच असतात. ॲपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर व्हेंचुरा आवृत्तीपासून नवं उपकरण लावल्यावर 'जोडू द्यायचं का?' असा प्रश्न येतो. तो नजरेतून सुटला किंवा नकार दिला गेला तर उपकरण येतच नाही. पोर्ट निवडताना 'सीयू' ने सुरू होणारं नाव घ्या. 'टीटीवाय' ने सुरू होणारा जोडीदार पलीकडून 'मी जोडलेला आहे' असा कॅरियरचा संकेत येण्याची वाट पाहत थांबू शकतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) काम करत असाल तर उपकरण मूळ संगणकाला दिसणं पुरत नाही, ते त्या मशीनकडे मुद्दाम सोपवावं लागतं. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल२ मध्येही तसंच, त्यासाठी 'यूएसबीआयपीडी' हे साधन आहे.

पोर्ट आहे, पण उघडत नाही

लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' आलं तर तुमचं खातं योग्य गटात नाही. डेबियन आणि उबुंटूवर तो गट 'डायलआउट', आर्चवर 'यूयूसीपी'. 'सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट' आणि पुढे आपलं वापरकर्ता नाव. यातल्या ए आणि जी या अक्षरांकडे लक्ष द्या: ए लहान आणि जी मोठं लिहायचं. नुसतं जी दिलं तर खातं आधीच्या इतर गटांमधून बाहेर काढलं जातं, आणि मग सुडोने मिळणारे प्रशासकाचे अधिकारसुद्धा हातचे जाऊ शकतात. आज्ञा दिल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही. दर वेळी प्रोग्रॅमच सुडोने चालवणं ही सवय मात्र लावून घेऊ नका.

'ॲक्सेस डिनाइड' किंवा 'पोर्ट बिझी' म्हणजे दुसरा प्रोग्रॅम तो पोर्ट धरून बसला आहे. सिरियल पोर्ट साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा असतो. दुसऱ्या खिडकीत उघडा राहिलेला सिरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी), थ्रीडी प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, मागे अडकलेली पायथनची स्क्रिप्ट हे नेहमीचे धनी. लिनक्सवर 'मोडेममॅनेजर' नावाची सेवाही नव्या पोर्टला मोडेम समजून काही सेकंद चाचपते. लावल्या लावल्या पोर्ट व्यस्त आणि थोड्या वेळाने मोकळा, असं होत असेल तर संशय तिच्यावर.

विंडोजवर सीएच३४० चा कॉम क्रमांक प्रत्येक सॉकेटवर वेगळा येतो, कारण या चिप्सना सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. म्हणून काल कॉम५ होता आणि आज नाही, तर आधी शेजारचे क्रमांक पाहा. एकच सॉकेट त्या बोर्डासाठी ठरवून टाकलेलं उत्तम.

पोर्ट उघडला, तरी शांतता

इथे संगणकाने आपलं काम केलेलं आहे, फक्त पलीकडून आवाज येत नाही. यूएसबी-टीटीएल अडॅप्टरची एक सुंदर चाचणी आहे. त्याची टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (ऐकणारी) पिन एका तारेने एकमेकांना जोडा, बाकी काही जोडू नका, सिरियल मॉनिटरसारख्या प्रोग्रॅममध्ये तो पोर्ट उघडून काहीही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर परत उमटलं तर अडॅप्टर, ड्रायव्हर, केबल सगळं ठीक आहे; दोष पुढच्या उपकरणात किंवा जोडणीत. जोडताना एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जाते, आणि ग्राउंड एकत्र करायचं विसरू नका. अक्षरांऐवजी कचरा दिसत असेल तर दोन्हीकडचा बोलण्याचा वेग जुळत नाही: ९६०० आणि ११५२०० हे आधी पाहा. ईएसपी८२६६ सुरू होताना आपले पहिले संदेश ७४८८० या अनवट वेगाने पाठवतो, तेव्हा त्याचा सुरुवातीचा कचरा हा बिघाड नसतो.

नऊ पिनांच्या आरएस-२३२ केबलबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. तिच्यावरचं व्होल्टेज उणे आणि अधिक दोन्ही बाजूंना जातं, १५ व्होल्टपर्यंत. ती थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनांना लावाल तर तो जळेल. तसंच ५ व्होल्टचा अडॅप्टर ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ ला लावण्याआधी त्यावरचा व्होल्टेज निवडणारा जंपर पाहून घ्या.

सगळं करूनही नाही आलं तर

दुसऱ्या संगणकावर, चांगली ठरलेल्या केबलने, बाकी काही न जोडता बोर्ड लावा. तिथेही काहीच हललं नाही तर यूएसबीची चिप किंवा सॉकेट गेलं असं मानायला हरकत नाही. लावल्यावर चिप बोट ठेववत नाही इतकी गरम होत असेल तर लगेच काढा.

पण पहिल्या जातीचा बोर्ड असेल तर तो टाकून देऊ नका. गेली आहे ती फक्त दुभाष्याची चिप; मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळा जिवंत असतो. बोर्डाच्या टीएक्स, आरएक्स आणि ग्राउंड पिना बाहेर काढलेल्या असतात. बाहेरचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर तिथे जोडा आणि बोर्डाला त्याला सोसेल तेवढीच वीज द्या. ईएसपी३२ वर मघाच्या बटणांच्या क्रमाने बूटलोडर सुरू करा, आर्डुइनो नॅनोवर अपलोड सुरू होताना रीसेट दाबा. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच आत जातो.